ठेक्याच्या बिलातले दोन टक्के

ठेकेदाराला बिलाचे पैसे चुकते करताना त्यातून प्राप्तिकराचा ठरावीक हिस्सा कापायचा, तो सरकारी खजिन्यात भरायचा आणि कोणाला किती दिले व किती कापले याचा हिशेब प्राप्तिकर खात्याला कळवायचा, ही रीत भारतात १ एप्रिल १९७२ पासून चालत आली आहे. कायद्याच्या भाषेत तिला उगमस्थानी करकपात म्हणतात. पेठेत, एमआयडीसीत आणि हिशेबनिसाच्या टेबलावर तिचे नाव टीडीएस. सुरुवातीला हे बंधन सरकारी खाती, नगरपालिका, महामंडळे आणि कंपन्या यांच्यापुरते होते. पुढच्या जवळजवळ पाच दशकांत ते भागीदारी पेढ्यांपर्यंत, मग एकट्याने धंदा करणाऱ्यांपर्यंत आणि शेवटी मोठ्या खर्चाने स्वतःचे घर बांधणाऱ्या माणसापर्यंत पोचले. या प्रवासात कापायची टक्केवारी लहानच राहिली. वाढत गेले ते नोंद ठेवण्याचे काम, आणि ते काम सरकारी कचेरीतून उठून पैसे देणाऱ्याच्या घरी आले.

मक्ता, ठेका, गुत्ता

ठरलेल्या रकमेत काम अंगावर घेण्याला मराठीत अनेक शब्द आहेत: मक्ता, ठेका, कंत्राट आणि मराठवाड्यात गुत्ता. त्यावरून मक्तेदार, ठेकेदार, कंत्राटदार, गुत्तेदार. आणि त्यांच्या हाताखाली मजुरांची टोळी आणणारा मुकादम. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, खुद्द महसुलाची वसुलीच मक्त्याने दिली जात असे. मामलत बोलीने घेणारा ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि रयतेकडून त्याहून जास्त जे वसूल होई ते स्वतःकडे ठेवी. इंग्रजी अमदानीत या शब्दांचा रोख बांधकामाकडे वळला. १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झालेल्या मुंबई–ठाणे लोहमार्गाचे काम फॅव्हिएल आणि फाउलर या ठेकेदारांनी केले होते. १८६३ मध्ये खुला झालेला बोरघाटाचा रेल्वेमार्गही ठेकेदारांनी आणि त्यांच्या उपठेकेदारांनीच खोदला. सार्वजनिक बांधकाम खाते, कालवे, लष्करी छावण्या, गिरण्यांच्या इमारती यांतून ठेकेदारांचा एक मोठा वर्ग देशभर तयार झाला.

करवसुलीच्या दृष्टीने हा वर्ग नेहमीच अवघड होता. ठेकेदाराचे काम आज एका जिल्ह्यात, उद्या दुसऱ्या. माल उधारीवर, मजुरी रोखीने. नफा किती हे काम संपल्यावरच कळणार, आणि काम संपले की तळ हलणार. प्रत्येक पैसे देणाऱ्याला आपल्यापुरते बिल माहीत असे. सगळ्या बिलांची बेरीज फक्त ठेकेदाराला ठाऊक असे. ती बेरीज खात्याच्या हाती कशी यावी, हा पुढच्या सगळ्या कायद्यांमागचा प्रश्न आहे.

कापून घेण्याची जुनी रीत

उत्पन्न माणसाच्या हाती पडण्याआधीच त्यातून कर काढून घेण्याची कल्पना ब्रिटनमध्ये १८०३ साली अॅडिंग्टनच्या कायद्याने रुजली. भारतात १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर आणला. तो २४ जुलै १८६० रोजी लागू झाला आणि १८६५ मध्ये त्याची मुदत संपली. कायमचा म्हणता येईल असा कायदा १८८६ मध्ये झाला. त्यात उत्पन्नाचे चार भाग केले होते: पगार आणि निवृत्तिवेतन, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरील व्याज आणि इतर. वर्षाला ५०० रुपयांहून कमी उत्पन्नाला करमाफी होती. सरकारी नोकराच्या पगारातून आणि सरकारी रोख्यांच्या व्याजातून कर कापूनच उरलेली रक्कम दिली जाई. व्यापारी आणि ठेकेदार मात्र ‘इतर’मध्ये मोडत, त्यांच्या उत्पन्नाचा अंदाज जिल्ह्यातला महसूल अधिकारी बांधत असे.

१९२२ च्या कायद्यातही चौकट फारशी बदलली नाही. त्याच्या १८ व्या कलमात पगार, रोख्यांवरील व्याज आणि परदेशस्थांना द्यायच्या रकमा यांच्यावर कपात होती. १ एप्रिल १९६२ पासून अमलात आलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने ही यादी कलम १९२ ते १९५ मध्ये मांडली, त्यात लाभांशही होता. १९६७ मध्ये कलम १९४ए जोडून इतर व्याजही कपातीखाली आणले गेले.

या सर्व रकमांमध्ये एक साम्य आहे. पगार, व्याज आणि लाभांश ही जवळजवळ निव्वळ उत्पन्ने असतात. त्यातून कापलेला हिस्सा खऱ्या कराच्या आसपास येतो. ठेकेदाराच्या बिलाचे तसे नाही. एक लाखाच्या बिलात सिमेंट, लोखंड, मजुरी, भाडे सगळे असते आणि नफा थोडाच असतो. म्हणून ठेकेदाराकडून आधी पैसे न कापता केवळ माहिती मागितली गेली. ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा ठेका घेणाऱ्याने त्याचा तपशील एका महिन्यात प्राप्तिकर अधिकाऱ्याला कळवावा, असे कलम २८५ए सांगत होते. कळवण्याची जबाबदारी ज्याच्या उत्पन्नाची चौकशी व्हायची त्याच्यावरच होती, हा त्या व्यवस्थेचा मूळ कमकुवतपणा होता.

१९७२: कलम १९४सी

१९७० च्या सुमारास काळ्या पैशाचा प्रश्न ऐरणीवर होता. माजी सरन्यायाधीश के. एन. वांच्छू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर १९७१ मध्ये आपला अंतिम अहवाल दिला. १९६८–६९ या वर्षात कर चुकवलेले उत्पन्न १,४०० कोटी रुपयांच्या घरात असावे, असा तिचा अंदाज होता. त्या वेळी अर्थमंत्रिपद यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते. त्यांच्या कारकिर्दीतील १९७२ च्या वित्त अधिनियमाने कलम १९४सी जन्माला आले.

या कलमाने माहिती देण्याची बाजू बदलली. आता बोलायचे होते ते पैसे देणाऱ्याने. केंद्र व राज्य सरकारे, स्थानिक संस्था, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे आणि कंपन्या यांनी ठेकेदाराला रक्कम देताना २ टक्के कापायचे होते. सहकारी संस्थाही पुढे या यादीत आल्या. ठेकेदाराने कामाचा भाग दुसऱ्याला दिला तर त्या उपठेकेदाराच्या रकमेतून १ टक्का कापायचा होता. मात्र पैसे देणारा ठेकेदार एकटी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर त्याला यातून सूट होती. ५,००० रुपयांपर्यंतच्या ठेक्याला कपात नव्हती.

दर इतका कमी ठेवण्याचे कारण वर आलेच आहे: कपात नफ्यावर नव्हती, पूर्ण बिलावर होती. नफा बिलाच्या आठ-दहा टक्के धरला तर त्यावरील कराच्या जवळपास जाणारा आकडा २ टक्केच ठरतो. ज्याचा नफा त्याहूनही कमी, त्याला प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी दराचा किंवा कपात न करण्याचा दाखला घेण्याची सोय होती. कापलेली रक्कम ठेकेदाराच्या नावे जमा होई आणि वर्षाअखेरीच्या त्याच्या करातून वळती होई. म्हणजे हा वेगळा कर नव्हता. त्याच कराचा आगाऊ हप्ता होता. पण त्या हप्त्याबरोबर ठेकेदाराचे नाव, पत्ता आणि बिलाची रक्कम खात्यापर्यंत पोचत होती.

याच विचाराचे दुसरे रूप १ एप्रिल १९७६ पासून चित्रपटसृष्टीत दिसले. कलम २८५बी प्रमाणे चित्रपट निर्मात्याने आपल्या चित्रपटासाठी ज्यांना ज्यांना ५,००० रुपयांहून जास्त रक्कम दिली त्या सगळ्यांचा तपशील खात्याला द्यायचा होता. ही मर्यादा पुढे ५०,००० रुपये झाली. मुंबईतल्या स्टुडिओंत नट, संगीतकार, कॅमेरामन, नेपथ्यकार हे सगळे ठेक्यानेच काम करत. त्यामुळे कपातीविना केवळ नोंदीचा हा नियम त्या धंद्याला नेमका लागू पडला.

‘काम’ म्हणजे काय

कलम १९४सी मध्ये ‘कोणतेही काम’ असे शब्द होते, त्यात मजूर पुरवण्याचाही समावेश होता. या शब्दांचा पसारा किती धरायचा, हा वाद वीस वर्षे चालला. १९७२ मध्येच केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रके काढून अर्थ मर्यादित ठेवला होता: इमारत बांधणे, दुरुस्ती करणे अशी दिसणारी कामे आत, नुसती मालवाहतूक बाहेर.

असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या प्रकरणाने हा अर्थ बदलला. कंपनीच्या कारखान्यात सिमेंटची भरलेली पोती वॅगनमध्ये चढवण्याचा ठेका दिला होता. मजुरीची जी जादा रक्कम कंपनी ठेकेदाराला भरून देत होती तिच्यावर कपात करायची का, आणि पोती चढवणे हे ‘काम’ आहे का, असे प्रश्न होते. २३ मार्च १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ‘कोणतेही काम’ हे शब्द व्यापक आहेत, ते बांधकामासारख्या ठेक्यांपुरते आखडता येणार नाहीत, आणि ठेकेदाराला दिलेल्या पूर्ण रकमेवर कपात करावी लागेल.

या निकालाचा आधार घेऊन मंडळाने ८ मार्च १९९४ रोजी परिपत्रक क्रमांक ६८१ काढले. मालवाहतूक, जाहिरात, प्रसारण, खानपान अशी कामे आणि डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांच्यासारख्या व्यावसायिकांची फीसुद्धा त्याने कलम १९४सी खाली ओढली. त्याविरुद्ध देशभर याचिका झाल्या. मुंबईतील चेंबर ऑफ इन्कम टॅक्स कन्सल्टंट्सच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की व्यावसायिक सेवा या कलमात बसत नाहीत. बॉम्बे गुड्स ट्रान्सपोर्ट असोसिएशनच्या याचिकेत मालवाहतुकीबाबतही न्यायालयाने परिपत्रक अमान्य केले.

जे परिपत्रकाने साधले नाही ते संसदेने पुढच्या वर्षी केले. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना १९९५ च्या वित्त अधिनियमाने कलमात स्पष्टीकरण जोडले. १ जुलै १९९५ पासून जाहिरात, प्रसारण, खानपान आणि रेल्वेखेरीज इतर साधनांनी होणारी माल व प्रवासी वाहतूक ‘काम’ या शब्दात आली. व्यावसायिकांच्या फीसाठी त्याच तारखेपासून कलम १९४जे हे वेगळे घर बांधले गेले. तिथे दर ५ टक्के आणि मर्यादा वर्षाला २०,००० रुपये होती. वाहतूकदारांची १९९५ पूर्वीची बाजू बरोबर होती, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बिर्ला सिमेंट वर्क्सच्या प्रकरणात शिक्कामोर्तब केले.

विक्री की जॉबवर्क

दुसरा मोठा वाद कारखानदारीतला होता, आणि महाराष्ट्रातल्या लघुउद्योगांशी त्याचा थेट संबंध आहे. भोसरी, चाकण, कोल्हापूरजवळचे शिरोली किंवा छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज इथल्या लहान वर्कशॉपांचे मोठे काम म्हणजे जॉबवर्क. मोठ्या कारखान्याकडून ड्रॉइंग येते आणि त्या मापाने सुटे भाग करून द्यायचे असतात. हे काम मालाची विक्री समजायचे की ठेका? विक्रीवर कलम १९४सी लागत नसे, ठेक्यावर लागत असे.

मद्याच्या बाटल्यांसाठी छापील लेबले पुरवण्याच्या बीडीए लिमिटेडच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही विक्रीच आहे असे सांगितले: कागद छापखान्याचा, शाई छापखान्याची, ग्राहकाने फक्त नमुना दिला होता. औषधे बनवून घेण्याच्या ग्लेनमार्कच्या प्रकरणात २०१० मध्ये तोच मुद्दा पुन्हा उचलून धरला गेला. दरम्यान १ ऑक्टोबर २००९ पासून कायद्यानेच रेघ आखली होती. ग्राहकाकडून घेतलेला कच्चा माल वापरून त्याच्या मागणीप्रमाणे वस्तू करून दिली तर ते ‘काम’. माल तिसऱ्याकडून आणला तर विक्री. २०२० मध्ये ‘ग्राहकाकडून’ या शब्दांत ग्राहकाच्या सहयोगी संस्थेकडून आलेला मालही धरला गेला. बिलात मालाची किंमत वेगळी दाखवली असेल तर उरलेल्या रकमेवरच कपात करायची असते. म्हणून मजुरी आणि माल वेगवेगळ्या ओळींत लिहिण्याची सवय वर्कशॉपच्या बिलबुकात रुजली.

कापणारा लहान होत गेला

ज्यांच्याकडे लेखा विभाग होता अशाच संस्थांवर १९७२ मध्ये बंधन घातले होते. हळूहळू विद्यापीठे, न्यास आणि भागीदारी पेढ्या यादीत आल्या. एकट्याने धंदा करणाऱ्या व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला २००२ मध्ये उपठेकेदाराच्या बाबतीत आणि १ जून २००७ पासून ठेकेदाराच्या बाबतीतही कपात करणे भाग झाले. अट एवढीच की आदल्या वर्षीची उलाढाल करलेखापरीक्षणाच्या मर्यादेवर असावी. धंद्यासाठी ती मर्यादा त्या वेळी ४० लाख रुपये होती. पुढे ६० लाख आणि नंतर १ कोटी झाली.

बिलाची मर्यादाही वर सरकत गेली: ५,००० वरून १०,०००, मग २०,००० आणि १ जुलै २०१० पासून ३०,००० रुपये. मर्यादा चुकवण्यासाठी एकच काम तुकड्यातुकड्यांच्या बिलांत विभागले जाई. म्हणून १ ऑक्टोबर २००४ पासून वर्षभराच्या एकूण रकमेचीही मर्यादा आली. ती प्रथम ५०,०००, नंतर ७५,००० आणि १ जून २०१६ पासून १ लाख रुपये आहे.

२००९ पूर्वी दराचा हिशेबही किचकट होता. २ टक्क्यांवर अधिभार आणि त्यावर शिक्षण उपकर धरून २.२६६ टक्के, तर १ टक्क्याचे १.१३३ टक्के होत. ठेकेदार कंपनी आहे की व्यक्ती, तिला दिलेली रक्कम किती, यावर अधिभार लागायचा की नाही हे ठरे. १ ऑक्टोबर २००९ पासून कलम नव्याने लिहिले गेले. अधिभार आणि उपकर गेले, ठेकेदार-उपठेकेदार हा भेद गेला. घेणारा व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का, इतर कोणी असेल तर २ टक्के, एवढेच उरले. पॅन न देणाऱ्याच्या रकमेतून मात्र १ एप्रिल २०१० पासून २० टक्के कापावे लागतात.

लहान धंदेवाल्याला खरा चटका बसला तो दुसऱ्याच एका कलमाने. २००४ च्या दुसऱ्या वित्त अधिनियमाने कलम ४०(ए)(आयए) आणले आणि ते २००५–०६ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाले. कपात केली नाही तर दिलेली पूर्ण रक्कम धंद्याचा खर्च म्हणून नाकारली जाऊ लागली. म्हणजे १ टक्का कापायचा राहिला, तर १०० टक्के खर्च नफ्यात मिळवून त्यावर कर भरायची पाळी येई. पालम गॅस सर्व्हिस या हिमाचल प्रदेशातील गॅस वितरकाचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. गॅस वाहतुकीचे त्याचे काम त्याने तीन वाहतूकदारांकडून करून घेतले आणि त्यांना कपात न करता २०,९७,६८९ रुपये भाडे दिले. पैसे वर्षअखेरीआधीच देऊन झाले होते. कलमातला ‘देय’ हा शब्द बाकी राहिलेल्या रकमेलाच लागतो, असा त्याचा युक्तिवाद होता. ३ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि पूर्ण रक्कम खर्चातून वगळणे कायम ठेवले.

या शिक्षेचे प्रमाण चुकीच्या मानाने फार मोठे आहे, हे सरकारनेही मान्य केले. २०१४ च्या दुसऱ्या वित्त अधिनियमाने नाकारायची रक्कम ३० टक्क्यांवर आणली. समजा एखाद्या वर्कशॉपच्या मालकाने फॅब्रिकेशनच्या ठेकेदाराला ८०,००० रुपयांचे बिल दिले. त्याला ८०० रुपये कापायचे होते. तो विसरला तर आता २४,००० रुपये त्याच्या नफ्यात मिळवले जातात, आणि कपात न केल्याबद्दल दरमहा १ टक्का व्याज वेगळे. कापून भरले नाही तर व्याज दरमहा दीड टक्का. मुद्दाम न भरणाऱ्यासाठी कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

दाखल्यापासून संगणकापर्यंत

नोंदीची यंत्रणा बराच काळ कागदावर चालली. पैसे देणारा बँकेत चलन भरी, वर्षाअखेरीस ठेकेदारांसाठीचे वार्षिक विवरणपत्र प्राप्तिकर कचेरीत देई आणि प्रत्येक ठेकेदाराला शिक्का-सहीचा दाखला देई. त्यालाच पुढे ‘फॉर्म १६ए’ म्हणू लागले. ज्याने दहा ठिकाणी काम केले त्याला दहा कचेऱ्यांत हेलपाटे घालावे लागत. दाखला हरवला, त्यावर चलनाचा क्रमांक चुकला, की कापलेल्या पैशाची वजावट अडकली. दाखला आणि विवरणपत्र यांची गाठ घालणे हजारो पोत्यांतल्या कागदांत जवळजवळ अशक्य होते. सगळ्या बिलांची बेरीज १९७२ मध्ये फक्त ठेकेदाराला माहीत होती आणि पुढची तीस वर्षे स्थिती फारशी वेगळी नव्हती.

कापणाऱ्याची ओळख पटावी म्हणून १ जून १९८७ पासून ‘टॅन’ हा वेगळा क्रमांक आला. दहा अक्षर-अंकांच्या या क्रमांकाची पहिली तीन अक्षरे गाव सांगतात: एमयूएम म्हणजे मुंबई, पीएनई म्हणजे पुणे, एनजीपी म्हणजे नागपूर. घेणाऱ्याची ओळख पॅनने पटते. या दोन क्रमांकांनी बांधलेली माहिती संगणकात घालण्याचे काम २००३ पासून सुरू झाले. त्या वर्षी कंपन्यांना विवरणपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे सक्तीचे झाले. मुंबईस्थित एनएसडीएलने कर माहिती जाळे उभारले. त्याचे मोठे कामकाज पुण्यातून चाले. वार्षिक विवरणपत्रे बंद होऊन २००५–०६ पासून दर तिमाहीचे ‘२६क्यू’ सुरू झाले. त्यातून प्रत्येकाच्या पॅनवर साठत गेलेला हिशेब म्हणजे ‘२६एएस’. आपल्या नावावर कोणी किती कापले आणि भरले हे ठेकेदाराला पहिल्यांदाच एका पानावर दिसू लागले. एप्रिल २०१२ पासून फॉर्म १६ए देखील त्याच जाळ्यातून काढून द्यावा लागू लागला. स्वतः टंकलिखित केलेला दाखला चालेनासा झाला. गाझियाबादजवळच्या वैशाली येथे टीडीएससाठी स्वतंत्र प्रक्रिया केंद्र आणि ‘ट्रेसेस’ हे संकेतस्थळ उभे राहिल्यावर विवरणपत्रांची तपासणी माणसाऐवजी यंत्र करू लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या वार्षिक माहिती विवरणाने या हिशेबाला इतर व्यवहारांचीही जोड दिली.

यंत्राने अचूकता आणली तशी तारखांची शिस्तही आणली. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि मार्चची ३० एप्रिलपर्यंत भरायची. विवरणपत्रे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मेपर्यंत द्यायची. त्यानंतर पंधरा दिवसांत दाखले. १ जुलै २०१२ पासून उशीर झाला की दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागते, कापलेल्या रकमेच्या मर्यादेपर्यंत. हे शुल्क घटनाबाह्य आहे असे म्हणत केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये फेटाळली: उशिरा आलेल्या माहितीमुळे खात्यावर जो जादा बोजा पडतो त्याचे ते मोल आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

विलंबाच्या बोजाचे असे मोल ठरले. वेळेवर केलेल्या कामाचे मात्र ठरलेले नाही. पेशवाईतल्या मक्तेदाराला वसुलीत वाटा होता. आजचा कापणारा सरकारसाठी वसुली करतो, हिशेब ठेवतो, विवरणपत्र भरण्यासाठी कर सल्लागाराला फी देतो, आणि या श्रमांबद्दल त्याला काहीही मिळत नाही. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवत नाही. पाच-सात माणसांच्या वर्कशॉपला जाणवतो. या व्यवस्थेचा तोल नीट समजून घ्यायचा तर ही बाजू हिशेबात धरलीच पाहिजे.

ठेकेदाराच्या बाजूने

घेणाऱ्याच्या अडचणींची दखल कायद्याने स्वतंत्रपणे घेतली. १९९४ मध्ये कलम ४४एडी आले. ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या बांधकाम ठेकेदाराने किंवा मजूर पुरवणाऱ्याने उलाढालीच्या ८ टक्के नफा दाखवला तर त्याला हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती उरली नाही. दहापर्यंत मालमोटारी असलेल्या वाहतूकदारासाठी त्याच वर्षी कलम ४४एई आले. पुढे ४४एडी इतर लहान धंद्यांनाही खुले झाले. त्याची मर्यादा २ कोटी रुपये झाली, आणि रोखीच्या जमा ५ टक्क्यांपर्यंतच असतील तर ३ कोटी. बँकेतून आलेल्या जमेवर नफ्याचा दर ८ ऐवजी ६ टक्के धरला जातो.

वाहतूकदारांच्या बाबतीत २००९ मध्ये झालेला बदल सगळ्यांत बोलका आहे. पॅन देणाऱ्या वाहतूकदाराच्या भाड्यातून कपात करणेच थांबले. १ जून २०१५ पासून ही सवलत दहा किंवा त्याहून कमी मालमोटारी असणाऱ्यांपुरती राहिली आणि तसे लेखी निवेदन घेणे आवश्यक झाले. पण कपात शून्य असली तरी दिलेल्या भाड्याचा तपशील विवरणपत्रात द्यावाच लागतो. पैसे वगळले तरी नोंद वगळली नाही. कपात हे साधन आणि माहिती हे साध्य, हे या तरतुदीतून स्पष्ट दिसते. कोविडच्या साथीत १४ मे २०२० ते ३१ मार्च २०२१ या काळात ठेकेदारांचे दर १ वरून ०.७५ आणि २ वरून १.५ टक्क्यांवर आणले गेले, तेव्हाही विवरणपत्रांचा नमुना आणि त्यातला तपशील तसाच राहिला.

घरमालकापासून नव्या कायद्यापर्यंत

खासगी कारणासाठी काम करून घेणारी व्यक्ती कलम १९४सी मधून नेहमीच बाहेर होती. बंगला बांधणाऱ्याने ठेकेदाराला कोटभर रुपये दिले तरी त्याची नोंद कुठेच होत नसे. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४एम ने ही जागा भरली. वर्षात ५० लाख रुपयांहून जास्त रक्कम ठेकेदाराला किंवा व्यावसायिकाला देणाऱ्या व्यक्तीला ५ टक्के कापावे लागू लागले. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के झाला. यासाठी टॅन काढावा लागत नाही. आपल्या पॅनवर एकच चलन-विवरणपत्र भरले की काम भागते. कधीतरी एकदाच कपात करणाऱ्या माणसावर पूर्ण यंत्रणेचा भार टाकू नये, ही जाण या कलमात दिसते.

व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबासाठी कपातीची अट २०२० मध्ये लेखापरीक्षणापासून सुटी करून थेट आकड्यात मांडली गेली: आदल्या वर्षीची उलाढाल धंद्यात १ कोटी किंवा व्यवसायात ५० लाख रुपयांहून जास्त असावी.

१९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ला २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. १९४, १९४ए, १९४बी, १९४सी अशी वर्षानुवर्षे चिकटवत नेलेली कलमे त्यात एका कलमात, ३९३ मध्ये, कोष्टकाच्या रूपाने मांडली आहेत. पगारावरील कपात तेवढी ३९२ मध्ये वेगळी आहे. ठेकेदारांचे आकडे मात्र तेच राहिले: व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला १ टक्का, इतरांना २ टक्के, एका बिलाला ३०,००० आणि वर्षाला १ लाख रुपयांची मर्यादा. ‘एकशे चौऱ्याण्णव सी’ हा हिशेबनिसांच्या तोंडी बसलेला शब्द कायद्यातून गेला. त्याने १९७२ मध्ये घालून दिलेली रीत कोष्टकातल्या एका ओळीत चालू राहिली.